दोन गाण्यांमधल्या जागेबाबत

मी, जालिंदर केरबा होवाळ, वय वर्षे एकसष्ट, धर्म बौद्ध, धंदा कॅसेट भरून देणे, राहणार तासगाव, जिल्हा सांगली, आज रविवार, ५ डिसेंबर १९९९ रोजी हे मृत्युपत्र माझ्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट माझी पत्नी भामाबाई गेला तासभर म्हणते आहे, "आवं, कशाला असलं अभद्र लिवत बसलाय, उठा, जेवून घ्या." तिच्या बोलण्याला न जुमानता मी लिहीत आहे, यावरून माझी बुद्धी शाबूत असल्याचे दिसून येईल.

माझ्या छातीचे दुखणे सर्वांना ठाऊक आहे. सांगलीच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच कागदाला माझ्या कानांच्या तपासणीचा दुसरा दाखलाही टाचला आहे. मृत्युपत्राला कानाचा दाखला कशाला, असे वकीलसाहेब विचारतील. कलम ७ वाचल्यावर पुन्हा विचारणार नाहीत. माझे कान वयाच्या मानाने उत्तम आहेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे मला जे ऐकू येते ते खरोखरच ऐकू येते.

हे मृत्युपत्र घरासाठी किंवा पैशासाठी लिहिलेले नाही, तेवढ्यासाठी मला एवढा कागद लागला नसता. कपाट नंबर चारमधल्या कॅसेट क्रमांक २१४ साठी लिहिले आहे. त्या कॅसेटीत एका मेलेल्या माणसाचा आवाज आहे. तो मी पुसला आहे आणि तरीही तो आहे. तो ज्या आईचा आहे तिला पोहोचला पाहिजे, हीच माझी शेवटची इच्छा. बाकीची कलमे रीत म्हणून आधी उरकतो.

कलम १. राहते घर, त्यातील भांडीकुंडी आणि पोस्टातली शिल्लक भामाबाईची. तिने माझ्यामागे कोणाच्या दारात जाऊ नये, एवढे त्यात भागेल. माझे वडील केरबा यांचा चावीचा ग्रामोफोनही तिचाच. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वडिलांनी गावकीची सगळी कामे एका दिवसात सोडली, आणि पुढच्याच वर्षी तो ग्रामोफोन मिरजेहून डोक्यावर वाहून आणला. दुसऱ्याच्या दारात उभे राहून वाजवण्यापेक्षा घरात बसून ऐकावे, असे ते म्हणत. माझ्या धंद्याचे मूळ तिथे आहे.

कलम २. माझा धाकटा भाऊ गुंडा याने १९८८ साली मेव्हण्याच्या लग्नासाठी माझा मोठा कर्णा नेला. तो अजून लग्नातच आहे. तो कर्णा मी गुंडाला कायमचा देत आहे. त्याने त्यातून माझ्या मयताची बातमी सांगू नये, कारण त्याला माईक हातात आला की पुढाऱ्यासारखे बोलायला होते आणि अर्धा तास थांबत नाही.

कलम ३. अँप्लिफायर समाजमंदिराला. चौदा एप्रिलला वापरावा, एरवी झाकून ठेवावा. एका जत्रा कमिटीने हाच अँप्लिफायर नऊ वर्षे माझ्याकडून भाड्याने नेला आणि नऊही वर्षे मला मांडवाच्या बाहेर बसवले. तारा आत आणि मी बाहेर. त्या कमिटीचे कोणी मागायला आले तर नम्रपणे नाही म्हणावे. नम्रपणे म्हणावे हे महत्त्वाचे, कारण मला ते कधी जमले नाही.

कलम ४. होवाळ रेकॉर्डिंग सेंटर हे एस.टी. स्टँडसमोरचे दुकान, दोन डेक, हेडफोन, सहाशे बारा कॅसेटी आणि त्यांची नोंदवही माझी मुलगी स्वप्ना हिची. ती सांगलीत कॉम्प्युटर शिकवते. यंदा दिवाळीला तिने मला सांगितले, "बाबा, सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये घेऊया. एकेका गाण्याची एकेक फाइल करायची. एका सीडीवर शंभर गाणी मावतात. हे कपाटच लागणार नाही." मला ते मान्य आहे. मी स्वतः तबकड्यांवरून कॅसेटीवर आलेला माणूस आहे. परंतु पुढील अटी पाळाव्यात.

माझी मांडणी मोडू नये. मी गाणी गायकाच्या नावाने लावलेली नाहीत. ती कुठे वाजणार त्याप्रमाणे लावली आहेत. हळदीची, वरातीची, बारशाची, जयंतीची, रात्रपाळीच्या ड्रायव्हरची, बेदाणा निवडणाऱ्या बायकांची. बेदाण्याच्या शेडवरच्या बायकांना फार संथ गाणे चालत नाही, हात मंदावतो असे त्याच सांगतात. गिऱ्हाईक येऊन गायकाचे नाव घेत नाही. ते म्हणते, "वरातीचं काय हाय?" कॉम्प्युटरलाही तसेच उत्तर देता आले पाहिजे.

प्रत्येक फाइलीच्या नावात माझा नोंदवहीचा क्रमांक पहिला यावा. स्वप्नाने नमुना म्हणून थोड्या घेतल्या तेव्हा त्या यंत्राने एकनंतर दहा, अकरा, बारा लावले आणि दोन पार खाली नेला. म्हणून क्रमांकापुढे शून्ये लावावीत. एक फाइल एका जागेवरून दुसरीकडे नेताना मूळ जागेवरची लगेच काढू नये. आधी नवी पूर्ण ऐकावी, मग जुनी पुसावी. हे मी एकदा केले नाही, त्याची हकीकत पुढच्या कलमात आहे.

शेवटची अट. त्या यंत्रात खरखर काढून टाकायचे एक बटण आहे. स्वप्नाने ते मला कौतुकाने दाबून दाखवले. माझ्या एका जुन्या कॅसेटीतली वीस वर्षांची खरखर एका क्षणात गेली आणि दोन गाण्यांमधली जागा अगदी स्वच्छ, रिकामी झाली. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. पोरीला वाटले, मला आनंद झाला. कॅसेट २१४ ला ते बटण लावू नये. चुकूनही लावू नये. हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केले आहे.

कलम ५. आता कॅसेट २१४.

आमच्या धंद्यात रेकॉर्ड करण्याला 'भरणे' म्हणतात. गिऱ्हाईक जुनी कॅसेट आणते, "भरून द्या" म्हणते, आणि आम्ही जुने पुसून तिच्यावर नवी गाणी भरतो. विकतच्या कॅसेटीच्या पाठीची जिभली मोडलेली असते, तिच्यावर भरता येत नाही. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की येते. म्हणजे चिकटपट्टी दिसली की ही पुसायची, असा आमचा सरळ हिशेब.

एप्रिल १९९४ मध्ये, ऐन लग्नसराईत, जवळच्या वाडीवरच्या रंगुबाई नारायण जमदाडे दुकानात आल्या. उसाचे रान असलेले घर. उन्हातून चालत आल्या होत्या. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "जालिंदर, पानी दे रं वाईच." मी माठातले पाणी दिले आणि त्या प्यायल्या. एवढीशी गोष्ट, पण त्यांच्या आळीतल्या त्यांच्या वयाच्या बाया माझ्या दुकानात उभ्याने बोलून जायच्या. माझ्या माठाचे पाणी त्यांच्यातल्या कोणी तोवर प्यायले नव्हते. मला फार बरे वाटले. मी दुसरा तांब्या भरायला वळलो, तेवढ्यात त्यांनी कॅसेट काउंटरवर ठेवली.

"ही भरून दे. सून म्हायेराला चाललीया लोणंदला, तिला न्यायची हाय."

कॅसेटवर 'लग्नाची गाणी' असा छापील कागद होता आणि भोकावर चिकटपट्टी होती. मी समजलो, सुनेच्या माहेरी लग्न आहे. "वरातीचं भरू न्हवं?" असे मी पाठमोराच विचारले. त्यांनी ऐकले की नाही कोण जाणे. "तुला कळंल तसं कर," एवढे म्हणून त्या उठल्या. मी ती 'धाकट्या'वर, म्हणजे दोन नंबरच्या डेकवर लावली आणि हलगी-सनई भरली.

त्या 'भरून दे' म्हणाल्या ते 'हिच्यावरून दुसरी भरून दे' असे म्हणत होत्या. त्यांना धंद्याची भाषा काय ठाऊक. त्यांचा मुलगा कृष्णात फौजेत होता. त्याने छावणीत बाजारातून लग्नाच्या गाण्यांची कॅसेट घेतली, भोकावर स्वतः चिकटपट्टी लावली आणि घरच्यांसाठी अर्धा तास बोलून ती पोस्टाने पाठवली. फेब्रुवारीत त्याची गाडी दरीत गेली. वाडीवरचा एक जवान गेल्याचे मी ऐकले होते, पण तिथे जमदाड्यांची सात घरे. हा यांचा, हे मला माहीत नव्हते. सून संयोगिता माहेरी निघाली होती, तिला नवऱ्याचा आवाज सोबत द्यावा एवढेच त्यांच्या मनात होते.

बाजाराच्या दिवशी त्या आल्या.

"दुसरी कुठाय?"

"कुठली दुसरी, आक्का?"

मी कॅसेट लावून दाखवली. हलगी सुरू झाली. त्या वाट बघत राहिल्या. पहिले गाणे संपले, दुसरे लागले, तेव्हा म्हणाल्या, "ह्यात माझा किस्ना कुठाय?"

त्या क्षणी मला सगळे कळले. मी खरे बोलायला हवे होते. दुकानात चार माणसे होती. माझ्या मनात आले, आता हे बाहेर म्हणतील, होवाळाकडे दिली आणि घालवली. आणि होवाळ म्हणताना त्यांना काय म्हणायचे असेल तेही मला ऐकू आले. मी आयुष्यभर मांडवाबाहेर बसलेला माणूस, मला तेवढे ऐकवेना. मी विचारले, "आक्का, किती वेळा वाजवलीय ही?"

"रोज. सकाळ-संध्याकाळ."

"मग झिजली. आवाज झिजतो. माझ्याकडं आली तवा कोरी हुती, म्हणून गाणी भरली."

मी बाहेर काढलेली कॅसेट त्यांनी हातात घेतली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी ऐकून ऐकून संपवला व्हय त्याला?"

आणि मी म्हणालो, "व्हय."

कॅसेट काउंटरवर ठेवून त्या निघून गेल्या. ती मी २१४ क्रमांक देऊन कपाटात ठेवली. मी आवाज पुसला ती चूक होती. 'व्हय' म्हणालो ते पाप आहे. मी बौद्ध आहे, हा शब्द सहसा वापरत नाही. इथे दुसरा सुचत नाही.

कलम ६. पुढचे मला तुकड्यातुकड्याने कळत गेले. त्यांनी घरातला टेप देऊन टाकला. घरात कोणी कृष्णातचे नाव घेतले की त्या हात वर करायच्या, "नगं, झिजंल." फोटोही फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. सत्त्याण्णव साली एस.टी. स्टँडवर मी स्वतः पाहिले. कोणा पाहुण्याने विचारले, "मावशी, तुमचा थोरला कुटं असतो?" त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. दुकानातून दहा पावलांवर. मी शटर अर्धे ओढून आत बसलो.

कलम ७. त्याआधीच, चौऱ्याण्णवच्या श्रावणात, मला तो सापडला होता. 'धाकट्या'चे पुसायचे हेड झिजले होते. ते बदलायचे मी वर्षभर टाळत होतो. तपासायला म्हणून मी हाताला लागलेली कॅसेट, म्हणजे २१४, लावली आणि हेडफोन घातला. पहिले गाणे संपले. दोन गाण्यांमध्ये मी नेहमी चार सेकंद जागा सोडतो. त्या चार सेकंदांत, खरखरीच्या खाली, खूप लांबून एक माणूस बोलला, "आये, ऐकतीस न्हवं?"

मग हलगी.

हेड झिजलेले म्हणून आवाज पुरता पुसला गेला नव्हता. वाजंत्रीखाली तो कळत नाही, पण जिथे वाजंत्री थांबते तिथे तो आहे. अशा नऊ जागा आहेत. मी त्या कागदावर उतरवल्या आहेत. दुसरीत, "हितं लय थंडी हाय, पर जेवान बरं मिळतंय." चौथीत नुसते हसणे. पाचवीत, "पाटाच्या कडंचा आंबा तोडू नगा." आठवीत एक शब्द आहे, तो पाच वर्षांत मला लागलेला नाही. नवव्या जागी तो श्वास घेतो, आणि तो काय बोलणार ते वरातीच्या गाण्याखाली जाते.

मी हे कोणाला सांगितले नाही. पण त्या दिवसापासून मी कोणतीही कॅसेट भरली की मधल्या जागेत तो मला विचारतो, ऐकतीस न्हवं. मला विचारत नाही, आईला विचारतो, आणि ऐकणारा मी. शेवटी मी जागा सोडायचेच बंद केले. एक गाणे संपते तिथेच दुसरे जोडू लागलो. गिऱ्हाइके तक्रार करतात, "काय हो, श्वास घ्यायला बी जागा ठेवत न्हाई." पंपाची मोटर बंद झाली, गिरणी थांबली, एस.टी.चे इंजिन थांबले की मी काहीतरी बोलू लागतो. भामाबाई म्हणते, "तुमच्या कानात कायतरी शिरलंय." म्हणून मी कान तपासून घेतले.

कॅसेट त्यांना का दिली नाही? द्यायला गेलो की 'व्हय' परत घ्यावे लागणार होते. एवढेच कारण आहे. मी दुसरे शोधून पाहिले, मिळाले नाही.

कलम ८. तरी माझ्या मृत्यूनंतर स्वप्नाने कॅसेट २१४ घेऊन श्रीमती रंगुबाई जमदाडे यांच्याकडे जावे, कलम ५ ते ७ त्यांना मोठ्याने वाचून दाखवावीत, मग नऊ जागा ऐकवाव्यात. त्या आवाजाची फाइल करून एक प्रत लोणंदला संयोगिता यांना द्यावी. दुकानातील मूळ फाइल कधीही पुसू नये.

येथे मृत्युपत्र संपले होते. वकीलसाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "जालिंदर, त्या बाई चौऱ्याहत्तरच्या आहेत. तुमच्या आधी गेल्या तर हे वाचायचे कोणासमोर?" मी मरेन आणि स्वप्ना सांगेल, या सोयीवर मी सगळे लिहिले होते. स्वतःचे तोंड लपवायला मी मृत्युपत्राचा आडोसा घेतला होता.

कलम ९. (दिनांक १९ डिसेंबर १९९९ रोजी जोडलेले.) आज सकाळी मी आणि स्वप्ना वाडीवर गेलो. रंगुबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी बस म्हटले नाही. माझे संपले तेव्हा त्यांनी विचारले, "कुठलं खरं, जालिंदर? तवाचं का आत्ताचं?"

मी सोबत नेलेला टेप लावला. हलगी वाजू लागली तसा त्यांनी शेंगांचा हात थांबवला. पहिली जागा आली. मग दुसरी. चौथ्या जागी तो हसला तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवले. आठव्या जागी मी म्हणालो, "आक्का, हा एक शब्द लागत नाही." त्या लगेच म्हणाल्या, "ढवळ्या. बैलाचं इचारतोय." मी पाच वर्षे कान देऊन बसलो होतो.

स्वप्ना रडत होती. रंगुबाई रडल्या नाहीत. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माफीचं माझ्यापाशी काडू नगंस. तेवढं न्हाई हुयाचं माझ्यानं." मी सरळ उभा राहिलो. मग त्यांनी विचारले, "किती येळा लावली तर चालंल?"

"पाहिजे तितक्या वेळा, आक्का. स्वप्ना सीडीवर दुसरी प्रत देईल, ती तर मुळीच झिजत नाही."

"तोंडी नगं सांगू. तवा बी तोंडीच सांगिटलं हुतंस. लिहून दे. सही करून दे. आनि त्याचं नाव पुरं लिही."

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात असे कलम बसत नाही. मी ते बसवले आहे. हे कलम माझ्या मृत्यूपर्यंत न थांबता आजपासून लागू आहे आणि त्याची सही केलेली नक्कल आजच रंगुबाईंच्या हाती दिली आहे. कॅसेट २१४ ही आजपासून त्यांची आहे.

कलम १०. मी, जालिंदर केरबा होवाळ, साक्षीदारांसमोर लिहून देतो की, कृष्णात नारायण जमदाडे यांचा आवाज त्यांच्या आईने ऐकल्यामुळे गेला नाही. आईच्या ऐकण्याने त्याला काडीचाही धक्का लागला नव्हता. तो मी पुसला आणि मी खोटे बोललो. कृष्णात नारायण जमदाडे हे नाव श्रीमती रंगुबाई यांनी घरात, शेतात, स्टँडवर, चार माणसांत, पाहिजे तेव्हा आणि पाहिजे तितक्या वेळा घ्यावे. ते झिजत नाही.

लिहून देणार: जालिंदर केरबा होवाळ (सही)

वरील इसमाने हे कागद आम्हा दोघांसमोर स्वतः वाचून सही केली व आम्ही त्याच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: नाथाजी बाळा सरवदे, निवृत्त कंडक्टर, तासगाव (सही)

साक्षीदार २: लालासाहेब यशवंत माळी, शिक्षक, तासगाव (सही)

ठिकाण: तासगाव, जिल्हा सांगली
दिनांक: १९ डिसेंबर १९९९